लांडोर, अश्रू आणि शार्क: एक खुलासा

पावसाळ्याच्या तोंडावर नागपुरात गोरेवाड्याकडून केकारव ऐकू येऊ लागला, की मोर ब्रह्मचारी असतो व त्याचे अश्रू पिऊन लांडोर गर्भवती होते, ही जुनी समजूत पुन्हा फिरू लागते. ती निराधार आहे. पिसारा थरथरवून रिझवल्यावर मोर लांडोरीच्या पाठीवर चढतो, दोघांचे रीतसर मीलन होते आणि झुडपाखालच्या उथळ खळग्यात घातलेली अंडी ती एकटीच सुमारे २८ दिवस उबवते. (ब्रह्मचर्याला एवढ्या पिसाऱ्याची गरज तरी काय?) नराविना जन्माचा दाखला हवाच असेल, तर तो शार्कमध्ये मिळतो: अमेरिकेतील ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयात २००१ मध्ये, केवळ माद्या असलेल्या टाकीत बॉनेटहेड शार्कचे पिल्लू जन्मले आणि त्यात पित्याचा डीएनए मुळीच नसल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत स्पष्ट झाले.