जीसीएसईचा फॉर्म शाळा भरते, मग पालकांनी काय करायचं?

आपल्याकडे दहावी म्हटलं की आधी आठवतो तो बोर्डाचा फॉर्म. वर्गशिक्षकांसमोर बसून एकेक रकाना भरायचा, आईचं नाव वेगळ्या ओळीत, फोटो चिकटवायचा, सही चौकटीबाहेर जाऊ द्यायची नाही आणि मग परीक्षेच्या तोंडावर हॉलतिकीट. इंग्लंडमध्ये मूल जीसीएसईला, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेला, बसतं तेव्हा यातलं काहीच आपल्या हातात येत नाही. नावं शाळा पाठवते, फी शाळा भरते. त्यामुळे बरेच मराठी आईवडील समजतात की आपलं काम फक्त अभ्यास घेण्याचं. माझाही तोच समज होता.

मुलगी इयर ११ मध्ये, म्हणजे परीक्षेच्या वर्षात होती. फेब्रुवारी संपताना एका संध्याकाळी तिनं दप्तराच्या तळातून चार घड्या पडलेला एक कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. वर लिहिलं होतं ‘स्टेटमेंट ऑफ एन्ट्री’, म्हणजे शाळेनं कुठल्या विषयांना नाव पाठवलंय त्याची यादी. सहज वाचायला घेतला, तर तिचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून एकच लांबलचक शब्द झालेला, आणि फ्रेंचच्या ओळीत फाउंडेशन, म्हणजे सोपा स्तर. वर्षभर ती हायरचा, म्हणजे वरच्या स्तराचा अभ्यास करत होती. तो कागद तीन दिवस दप्तरात पडून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या एक्झाम्स ऑफिसरना ईमेल केला, आठवड्याभरात दोन्ही दुरुस्त्या झाल्या. पण कागद दप्तरातच राहिला असता तर? म्हणून इथे नव्यानं आलेल्या पालकांना मी पहिली गोष्ट हीच सांगते: अभ्यास मुलाला करू द्या, कागद तुम्ही सांभाळा.

खालची माहिती इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंडची परीक्षापद्धती वेगळीच आहे आणि वेल्समध्ये अजून ए-स्टार ते जी अशा अक्षरी श्रेणी आहेत.

कोण बसू शकतं

शाळेत शिकणारी मुलं सर्वसाधारणपणे इयर १० आणि ११ अशी दोन वर्षं अभ्यास करून, ज्या शैक्षणिक वर्षात १६ पूर्ण होतात त्या वर्षी परीक्षा देतात. १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट हे ते वर्ष. परीक्षेला वयाची वरची मर्यादा नाही. नागरिकत्वाची किंवा ठरावीक व्हिसाची अटही परीक्षा मंडळं घालत नाहीत. सरकारी खर्चानं चालणारी शाळा जो विषय शिकवते, त्याच्या परीक्षेची फी तिला पालकांकडून घेता येत नाही. मात्र सबळ कारण नसताना मूल पेपरला गेलंच नाही, तर शाळा ती रक्कम मागू शकते. खासगी शाळांचा हिशेब अर्थातच वेगळा.

आपल्यासारखं एक बोर्ड इथे नाही. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल, ओसीआर आणि डब्ल्यूजेईसीचं एड्युकास ही मंडळं परीक्षा घेतात, ऑफक्वाल त्यांच्यावर देखरेख ठेवतं आणि परीक्षा कशी घ्यायची याचे सामायिक नियम जेसीक्यू काढतं. एकाच शाळेत गणित एडेक्सेलचं, इंग्रजी एक्यूएचं आणि इतिहास ओसीआरचा असू शकतो. म्हणून प्रत्येक विषयाचा कोड हवाच. एडेक्सेलचं गणित १एमए१, एक्यूएचं इंग्रजी भाषा ८७०० आणि साहित्य ८७०२. कोड कळला की मंडळाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, गुणदान कसं होतं त्याची तपशीलवार माहिती, सगळं फुकट मिळतं. कोड न बघता दुसऱ्याच मंडळाचे पेपर सोडवत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते.

पुण्या-नाशिकहून इयर १० च्या मध्यात मूल इथे आलं तर कोडचं महत्त्व आणखी वाढतं. आधी स्थानिक कौन्सिलकडे किंवा थेट शाळेकडे ‘इन-इयर’ प्रवेशाचा अर्ज करायचा. पत्त्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल, आणि जन्मतारखेचा पुरावा जवळ ठेवा. निर्णय जास्तीत जास्त १५ शालेय दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. प्रवेश मिळाला की त्याच आठवड्यात शाळेला दोन प्रश्न विचारा: कुठले विषय, कुठले कोड. साहित्याची पुस्तकं शाळेशाळेत वेगळी असतात आणि ती परीक्षेत जवळ ठेवता येत नाहीत, त्यामुळे अर्धं वर्ष गेल्यावर पुस्तक बदललं तर ताण मुलावर येतो.

तारखा आणि तो एक कागद

उन्हाळी परीक्षेसाठी नावं पाठवायची मुदत साधारण २१ फेब्रुवारी. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. त्याच सुमारास शाळा मुलाला स्टेटमेंट ऑफ एन्ट्री देते. तो हाती आला की पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा. आपल्या मुलांच्या भारतीय पासपोर्टवर बरेचदा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव दोन्ही असतात, शाळेच्या नोंदीत मात्र घरी हाक मारतो तेवढंच नाव, किंवा आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव यावं अशी अपेक्षा असते. पुढे भारतात प्रवेश, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड, नोकरी, जिथे जाल तिथे हे प्रमाणपत्र पासपोर्टला जुळवून पाहिलं जाणार. छापून आल्यावर बदल करून घेणं किचकट आणि खर्चिक आहे, फेब्रुवारीत एका ईमेलनं होतं.

नाव झालं की जन्मतारीख, मग विषय, मग स्तर. गणित, विज्ञान आणि परकीय भाषा यांत फाउंडेशन आणि हायर असे दोन स्तर असतात. निकालात श्रेणी ९ ते १ अशा दिल्या जातात, ९ सर्वांत वर. ४ म्हणजे उत्तीर्ण समजण्याची नेहमीची पातळी, ५ म्हणजे चांगलं उत्तीर्ण. फाउंडेशनमध्ये कितीही छान लिहिलं तरी ५ च्या वर जाता येत नाही. हायरमध्ये ९ पर्यंत जाता येतं, पण ४ च्या जरा खाली ३ चा एक आधार सोडला तर त्याखाली थेट ‘यू’, म्हणजे श्रेणीच नाही. ज्याचं गणित कच्चं आहे त्याला केवळ आपल्या प्रतिष्ठेसाठी हायरला बसवू नका. शिक्षकांशी बोला, सराव परीक्षेचे गुण समोर ठेवून बोला. फ्रेंचसारख्या भाषेत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही एकाच स्तरात द्यावं लागतं आणि तोंडी परीक्षा लेखीच्या कितीतरी आधी होते. म्हणूनच आमच्या घरी तो एक ‘एफ’ इतका तातडीचा ठरला.

भाषेवरून आठवलं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात हमखास विचारलं जातं, मराठी विषय घेता येईल का? नाही. गुजराती, पंजाबी, उर्दू, बंगाली या भाषांची जीसीएसई आहे, मराठीची नाही. मला याची खंत वाटते, पण अर्ज करताना त्या आशेवर थांबू नका.

जादा वेळ आणि शब्दकोश

ज्या मुलाला डिस्लेक्सिया आहे, लिहायला वेळ लागतो किंवा दीर्घ आजार आहे, त्याच्यासाठी ‘ॲक्सेस अरेंजमेंट्स’ असतात: २५ टक्के जादा वेळ, लेखनिक, वाचून दाखवणारी व्यक्ती, लॅपटॉप, मध्ये विश्रांती. अर्ज शाळेतल्या विशेष गरजांच्या समन्वयकांनी, म्हणजे सेन्कोंनी करायचा असतो. पालक थेट करू शकत नाहीत. जादा वेळेसाठी शिकण्यातल्या अडचणीची चाचणी लागते आणि ती इयर ९ सुरू होण्याआधीची चालत नाही. सायन रुग्णालयातून मिळालेलं अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर ते नक्की द्या. त्यातून पूर्वेतिहास कळतो. पण त्या कागदावर इथे आपोआप सवलत मिळत नाही. बाहेर पैसे भरून आणलेल्या अहवालाचंही तेच. नियमाचा गाभा असा, की ही सोय वर्गात, सराव परीक्षेत मूल आधीपासून वापरत असलं पाहिजे. मार्चमध्ये आठवण होऊन उपयोग नाही. इयर १० च्या पहिल्या सत्रातच सेन्कोंची भेट घ्या आणि भेटीनंतर काय ठरलं ते ईमेलनं लिहून पाठवा. मोठ्या अक्षरातल्या किंवा ब्रेल प्रश्नपत्रिकांची मुदत तर ३१ जानेवारीच्या आसपासच संपते.

घरची भाषा मराठी असलेल्या मुलाला द्विभाषिक शब्दकोश वापरता येतो, इंग्रजी भाषेच्या परीक्षेत नाही, पण इतिहास-विज्ञानात चालतो. तो फक्त शब्दाला शब्द देणारा हवा, व्याख्या असलेला नको. शब्दकोशासाठी १० टक्के जादा वेळ ही वेगळी बाब आहे आणि इथे आपल्या लोकांचा गैरसमज होतो. त्यासाठी मूल गेल्या तीन वर्षांत इथे आलेलं असावं लागतं, येताना त्याला इंग्रजीची ओळखच नसावी लागते आणि घरी इंग्रजी बोललं जात नसावं लागतं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे आपल्याकडून आलेलं मूल यात बहुधा बसत नाही. त्या आशेवर राहण्यापेक्षा प्रश्नांत येणारे सूचनेचे शब्द, म्हणजे ‘इव्हॅल्युएट’ कशाला म्हणतात आणि ‘डिस्क्राइब’ कशाला, ते घरी पक्के करून घेतलेले जास्त कामी येतात.

शाळेत नसलेल्यांसाठी

आपल्याकडचा १७ नंबरचा फॉर्म ज्यांना माहीत आहे, त्यांना ‘प्रायव्हेट कँडिडेट’ हा प्रकार लगेच कळेल. घरी शिकणारं मूल, पुन्हा परीक्षा देणारा विद्यार्थी किंवा नोकरीसाठी गणिताची श्रेणी हवी असलेली आई, सगळ्यांना हाच मार्ग. फरक एवढाच की इथे मंडळाकडे अर्ज करायचा नसतो, परीक्षा केंद्र आपणच शोधायचं. जेसीक्यूच्या संकेतस्थळावर अशी केंद्रं शोधायची सोय आहे. आपल्या विषयाचं नेमकं ते मंडळ केंद्राकडे आहे का, हे आधी विचारा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शोध सुरू करा, कारण जागा थोड्या असतात आणि केंद्रं स्वतःची मुदत फेब्रुवारीच्या बरीच आधी ठेवतात.

लागणारी कागदपत्रं मोजकी आहेत: पासपोर्टसारखं फोटो ओळखपत्र, पत्ता, विषयांचे कोड आणि पूर्वी इथल्या मंडळाची कुठलीही परीक्षा दिली असेल तर जुन्या निकालावरचा १३ अक्षर-अंकी यूसीआय, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक. फी केंद्रानुसार बदलते. मंडळाच्या फीवर केंद्र स्वतःचा आकार लावतं, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा. कला, नाट्य, डिझाइन अशा विषयांत वर्षभराचं प्रकल्पकार्य गुणांत धरलेलं असतं. ते तपासून प्रमाणित करणारं केंद्र मिळणं फार अवघड, म्हणून बाहेरून बसताना हे विषय टाळलेले बरे. गणित, इतिहास, इंग्रजी सोपे पडतात.

परीक्षेचे दिवस

पेपर मेच्या सुरुवातीपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत चालतात. सकाळचे साधारण ९ ला, दुपारचे दीडला. काळं पेन, आरपार दिसणारं पाऊच, लेबल काढलेली पाण्याची बाटली. मोबाईल तर नाहीच, मनगटावर कुठलंही घड्याळसुद्धा नको. खिशात बंद फोन सापडला तरी तो गैरप्रकार धरला जातो. आणि जूनच्या अखेरीस एक राखीव दिवस असतो. देशभर काही अडचण आली तर पेपर त्या दिवशी घेतला जातो. भारताची तिकिटं त्याच्या नंतरचीच काढा.

एक प्रसंग मात्र आपल्यातल्या कुणावरही येऊ शकतो. मे महिन्यात पहाटे फोन येतो, गावी आजी गेली. परीक्षेची तारीख कुणासाठीही बदलत नाही. अशा वेळी त्याच दिवशी शाळेला कळवा. शाळा ‘स्पेशल कन्सिडरेशन’साठी अर्ज करते. मूल पेपरला बसलं असेल तर परिस्थितीनुसार जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुण वाढवले जातात. एखादा पेपर बुडाला आणि त्या विषयातलं किमान २५ टक्के मूल्यमापन झालेलं असेल, तर बाकीच्यावरून श्रेणी देता येते. डॉक्टरांचं पत्र, मृत्यूचा दाखला, जे असेल ते जपून ठेवा.

निकालानंतर

निकाल ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातल्या एका गुरुवारी लागतो. श्रेणी थोडक्यात हुकली असेल तर पुनर्तपासणीचा अर्ज शाळेमार्फतच, मुलाच्या लेखी संमतीनं, सप्टेंबरअखेरच्या सुमारास असलेल्या मुदतीआधी. श्रेणी वाढू शकते तशी खालीही येऊ शकते, म्हणून आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून शिक्षकांना दाखवा. श्रेणी बदलली तर पुनर्तपासणीची फी परत मिळते.

इंग्रजीत किंवा गणितात ४ मिळाले नाहीत तर पुढच्या शिक्षणाबरोबर तो विषय चालू ठेवावा लागतो. इंग्रजी भाषा आणि गणित या दोनच विषयांची परीक्षा नोव्हेंबरमध्ये पुन्हा होते. त्याची नावं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जातात, म्हणून सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झाल्याबरोबर विचारा.

ऑगस्टमध्ये हाती येतो तो नुसता निकालाचा कागद. मूळ प्रमाणपत्रं शाळेत नोव्हेंबरच्या सुमारास येतात, तोवर मूल दुसऱ्या कॉलेजात गेलेलं असतं आणि ती आणायची राहून जातात. शाळेनं ती वर्षभर सांभाळावीत एवढाच नियम आहे, त्यानंतर नष्ट केली जाऊ शकतात. मग प्रत्येक मंडळाकडे वेगळी फी भरून पर्यायी कागद मागवावा लागतो. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी घरी बसून तीन वेगवेगळ्या मंडळांची प्रमाणपत्रं पासपोर्टशी जुळवून पाहिली. तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मध्ये नीट जागा सोडून छापलेलं होतं.