भिजलेल्या चटईवर उमटणारा तलवारीचा वार

जपानी तलवारबाजीच्या वर्गात ज्या दिवशी छेदसराव असतो, त्याची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. तातामी या जपानी चटईचं वरचं विणलेलं आवरण घ्यायचं, त्याची घट्ट गुंडाळी करून दोऱ्याने बांधायची आणि रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती लाकडी स्टँडच्या उभ्या खुंटीवर बसवली की लक्ष्य तयार. गुंडाळी खुंटीवर नुसती टेकलेली असते, कुठेही आवळलेली किंवा ठोकलेली नसते. या सरावाला तामेशिगिरी म्हणतात, आणि त्यातलं बरंचसं विज्ञान गुंडाळीच्या या मोकळेपणात आहे.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ दरम्यान, परीक्षा तलवारीची होत असे. देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या शवांवर पातं चालवून धार तपासली जाई. यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालवणाऱ्या घराण्याकडे हे काम होतं. निकाल पात्याच्या मुठीत दडलेल्या भागावर कोरत, कधी सोन्याने भरत. अशा नोंदी असलेल्या तलवारी आजही संग्रहांत आहेत. आता परीक्षा होते ती विद्यार्थ्याची. आजच्या सरावपद्धतीवर तोक्योच्या तोयामा लष्करी शाळेचा मोठा ठसा आहे. तिथे १९२५ साली तलवारीचा एक संक्षिप्त अभ्यासक्रम बसवला गेला. तिथूनच पुढे आलेल्या नाकामुरा ताइझाबुरो (१९१२–२००३) यांनी प्रत्यक्ष छेदाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणलं.

चटई ज्या वनस्पतीची, ती इगुसा आपल्या लव्हाळ्यासारखीच. जपानमधली बहुतेक इगुसा क्युशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतात, यात्सुशिरोच्या परिसरात पिकते. तिच्या काडीच्या आत स्पंजासारखा पांढरा गर असतो आणि तो भरपूर पाणी धरतो. कोरडी काडी पात्यापुढे दबते, सरकते, चुरगळते. भिजलेली काडी भरीव होते आणि धारेला जागच्या जागी सामोरी जाते. शिवाय कापणीनंतर इगुसा चिखलाच्या पाण्यात बुडवून वाळवतात, त्यामुळे काड्यांवर मातीचे बारीक कण राहतात. कोरड्या गुंडाळीवर हे कण पॉलिश केलेल्या पात्यावर ओरखडे काढतात. पाण्यामुळे घर्षण घटतं, ओरखडेही कमी पडतात. तरी सरावाच्या पात्यावर चरे पडतातच.

नवखा विद्यार्थी जोर लावतो. इतकी जाडजूड गुंडाळी म्हणजे ताकद हवीच, असं कुणालाही वाटेल. पण थोडा हिशेब करू. गुंडाळीचा व्यास १० सेंटिमीटर धरला आणि वार खांद्यापासून विरुद्ध कमरेकडे जावा तसा ४५ अंशांत तिरका उतरला, तर पात्याला साधारण १४ सेंटिमीटर कापत जावं लागतं. पात्याचा वेग सेकंदाला २० मीटर असेल, तर हा प्रवास सुमारे ७ मिलिसेकंदांत संपतो. हाताला काही जाणवून माणसाने जाणीवपूर्वक प्रतिसाद द्यायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, शंभर मिलिसेकंदांहून जास्त. म्हणजे धार चटईला टेकल्यानंतर कोन सुधारणं शक्यच नाही. वार कसा होणार हे पातं हवेत असतानाच ठरून गेलेलं असतं. ते चटई नोंदवून ठेवते, आणि म्हणूनच मला हा सराव इतका प्रामाणिक वाटतो.

हवेत जे ठरतं त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे हासुजी. धार ज्या दिशेला रोखलेली आहे, नेमक्या त्याच दिशेने पातं पुढे जायला हवं. पातं १० अंशांनी कललं, तर प्रतिकाराचा साधारण सतरा टक्के भाग त्याला बाजूला ढकलू लागतो. आणि पात्याची खरी कमजोरी बाजूनेच असते. रुंदी ३० मिलिमीटर आणि जाडी ७ मिलिमीटर अशी साधी आयताकृती पट्टी घेतली, तर ती धारेच्या दिशेपेक्षा बाजूने सुमारे १८ पट सहज वाकते. खऱ्या पात्याचा छेद धारेकडे निमुळता असतो, त्यामुळे आकडा बदलेल, पण मुद्दा तोच राहतो. पोलादाला पाणी देताना जपानी लोहार पाठीवर मातीचा जाड थर देतात आणि धारेवर पातळ. धार झपाट्याने थंड होऊन मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं कठीण रूप, बनते, पाठ मऊ आणि चिवट राहते. म्हणून चुकीच्या कोनात बसलेल्या वाराने असं पातं बहुधा तुटत नाही, वाकतं, आणि वाकलेलंच राहतं.

आता गुंडाळीच्या मोकळेपणाकडे येऊ. तिला जागेवर धरून ठेवतं ते मुख्यतः तिचं स्वतःचं जडत्व. पातं वेगात असेल तर गुंडाळी हलायच्या आत छेद पूर्ण होतो. वेग कमी पडला की ती कलंडते किंवा धार अर्ध्यात अडकते. दिशेनेही मोठा फरक पडतो. वरून तिरका वार गुंडाळीला खुंटीवर आणखी दाबतो, म्हणून बहुतेक ठिकाणी शिकवणं तिथून सुरू होतं. खालून वर जाणारा वार तिला खुंटीवरून उचलू पाहतो. आडव्या वारात कापायचं अंतर सर्वांत कमी, पण सगळा धक्का बाजूने बसतो. त्यामुळे तोच सर्वांत अवघड.

वाराचा आणखी एक घटक म्हणजे ओढ. विळीवर पिकलेला टोमॅटो नुसता दाबला तर चेंदतो, पण पात्यावरून सरकवला की अलगद चिरतो. असं का होतं याचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातले एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ जेलवर केला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की धार सरकवत कापल्यास दाबाचं बळ बरंच कमी लागतं. तलवारीच्या बाबतीत ही ओढ मुद्दाम हिसका देऊन आणायची नसते. पात्याचा बाक आणि हातांचा मोठा कमानदार फेरा यांतून ती आपोआप येते. लक्ष्याला भिडावा तो मोनोउची, म्हणजे टोकाकडचा साधारण तिसरा हिस्सा. तिथे वेग जास्त असतो आणि मुठीला बसणारा हिसका कमी.

वार झाला की खरा अभ्यास सुरू होतो. तुकडा उचलून त्याचा कापलेला पृष्ठभाग पाहायचा. सपाट, स्वच्छ लंबवर्तुळ असेल तर पातं एकाच प्रतलात गेलं. पृष्ठभाग चमच्यासारखा खोलगट असेल तर पातं वाटेत वळलं. याचं कारण बहुधा खांदे ताठरणं किंवा उजव्या हाताने मूठ आवळणं असतं. सुरुवात स्वच्छ पण शेवटाला काड्या फाटून लोंबत असतील, तर वेग आधीच मरत आला होता. सात-आठ गुंडाळ्या एका फटक्यात उडवण्याची प्रात्यक्षिकं लोकांना आवडतात. माझ्या मते विद्यार्थ्याला एका गुंडाळीवरचे तीन वार आणि त्यांचे तीन पृष्ठभाग अधिक शिकवतात, त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं तर.

धोका इथे खरा आहे. लक्ष्य सहज कापलं गेलं की उरलेला सगळा वेग घेऊन पातं पुढे येतं, आणि थांबवता आलं नाही तर ते स्वतःच्या डाव्या पायावर येतं. म्हणून आधी दीर्घकाळ रिकाम्या हवेत वार करून ते थांबवण्याचा सराव करून घेतात. हा सराव जस्त-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूच्या बिनधारी इआइतोने, म्हणजे सरावाच्या तलवारीने, होतो. तिने चटई कापायचा मात्र विचारही करू नये, कारण तो धातू असा आघात झेलण्यासाठी नसतोच. खऱ्या तलवारीत पातं मुठीत धरून ठेवते ती मेकुगी नावाची बांबूची छोटी खुंटी. ती सैल झाली किंवा चिरली तर पातं मुठीतून सुटून समोर जाऊ शकतं. म्हणून प्रत्येक फेरीआधी ती अंगठ्याने दाबून पाहतात आणि वाराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कुणालाही उभं राहू देत नाहीत. सराव संपल्यावर पातं पुसून, कोरडं करून त्याच दिवशी तेल लावायचं, कारण ओल्या काड्यांचा रस पोलादावर राहिला तर गंज चढायला वेळ लागत नाही.