संशय रानावर, रोग गोठ्यात

गुरांमध्ये साथ आली की शेजारच्या रानावर संशय घ्यायचा आणि तिथली जनावरे मारायची किंवा कुंपणापलीकडे अडवायची, ही रोगनियंत्रणाची जुनी रीत आहे. तिच्या मर्यादा बुळकांडी (रिंडरपेस्ट) या गुरांच्या विषाणूजन्य रोगाच्या इतिहासात सर्वाधिक स्पष्ट दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयात गुरांबरोबर हा विषाणू ईशान्य आफ्रिकेत उतरला आणि दहा-बारा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचला. गुरांपाठोपाठ रानरेडे, जिराफ आणि विल्डबीस्ट ही कळपाने राहणारी मोठी हरणेही मेली. बुळकांडी माणसाला होत नाही, तरी इथिओपियात नांगराला बैल न उरल्याने पडलेल्या दुष्काळात माणसांचेही बळी गेले. पुढे हा रोग रानातच मुरला आहे, असा समज रूढ झाला. मात्र पूर्व आफ्रिकेतील सेरेंगेटी या अभयारण्याभोवतीच्या गुरांना लस दिल्यावर, रानात एकाही जनावराला सुई टोचलेली नसताना, विल्डबीस्टमधील रोगही ओसरला आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या १९७०च्या दशकाच्या अखेरीस दहा लाखांपलीकडे गेली. विषाणू गुरांच्याच आधाराने टिकून होता. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले.

रोग खरोखर रानात असतो तेव्हाही बंदूक फारशी कामी येत नाही. युरोपात रेबीजसाठी कोल्हे मारले जात, पण रिकाम्या झालेल्या मुलखात नवे कोल्हे येत. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लशीची पुडी दडवून ती रानात टाकली. १९९९ मध्ये तो देश रेबीजमुक्त ठरला. ब्रिटनमध्ये गुरांच्या क्षयरोगासाठी १९९८ ते २००५ या काळात चाचणी म्हणून सुमारे ११ हजार बॅजर, म्हणजे हा रोग बाळगणारे बिळात राहणारे रानटी प्राणी, मारले गेले. मोहिमेच्या क्षेत्रात रोग घटला, पण उरलेले बॅजर दूरवर भटकू लागल्याने भोवतालच्या पट्ट्यात तो वाढला.

निपाहच्या वेळी तर आधी रोगच ओळखता आला नाही. १९९८-९९ मध्ये मलेशियात वराहपालकांना मेंदूज्वर होऊ लागला, तेव्हा तो जपानी मेंदूज्वर समजून डासांवर फवारणी झाली आणि लोकांना त्याच रोगाची लस टोचण्यात आली. प्रत्यक्षात विषाणू फळभक्षी वटवाघळांचा होता. डुकरांच्या खुराड्यांवर फळझाडांच्या फांद्या होत्या आणि वटवाघळांनी कुरतडलेली फळे खाली डुकरांपुढे पडत, असे स्पष्टीकरण त्याबाबत दिले जाते. शंभराहून अधिक माणसे दगावली. साथ थांबवण्यासाठी सुमारे दहा लाख डुकरे मारावी लागली.