टीसीएल जंतूंवर चालते, आर्सेनिकवर नाही

विहिरीचं पाणी बिघडलं की गावोगावी एकच उपाय: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका. जंतूंसाठी तो बरोबरच आहे. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर, वरची निवळी विहिरीत, मग तासभर थांबायचं. हे सगळ्यांना पाठ आहे. पण धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या), लाकूड टिकावं म्हणून औषध मारलेल्या बल्लीचं किंवा विहिरीवर आडव्या टाकलेल्या जुन्या लाकडी रेल्वे स्लीपरचं रसायन पाण्यात उतरलं असेल, तर टीसीएल कितीही ओता, फायदा शून्य.

जंतू जिवंत असतो म्हणून मरतो. हिरवट बल्लीत मुरवलेलं असतं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. (असं मिश्रण १९३३ साली देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी तयार केलं, ‘ॲस्कू’ नावानं.) आर्सेनिक मूलद्रव्य आहे, ते मरत नाही, पाण्यातून काढावंच लागतं. उकळलं तर उलटंच होतं: दहा लिटर आटून आठ राहिलं, की आर्सेनिक तेवढंच आणि प्रत्येक पेल्यात सव्वापट. वास नाही, चव नाही.

काळ्या स्लीपरचं क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवायला त्यात मुरवलेलं डांबरी तेल, वेगळं फसवतं. त्यातल्या फिनॉलशी टीसीएलमधल्या क्लोरीनची गाठ पडली की पाण्याला औषधासारखी चव येते. लोक समजतात पावडर कमी पडली, आणि आणखी टाकतात. चव आणखी बिघडू शकते.

उभ्या बल्लीतून सुटलेलं आर्सेनिक बरंचसं खुंटाजवळच्या काळ्या मातीतच अडकतं. बल्लीचं सरपण करणं त्याहून कितीतरी वाईट. धूर विषारी, आणि राखेत साठलेलं आर्सेनिक पाण्यात सहज सुटतं. त्याच राखेनं भांडी घासायची आणि उरलेली विहिरीच्या काठी फेकायची, हे कृपा करून थांबवा. उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असते. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून सरळ खाली जातं.

“पाणी तपासलं, चांगलं निघालं” असं कुणी सांगितलं तर विचारा, काय तपासलं? गावात पाणी तपासायला वापरतात ती, पाणी खराब असलं की काळी पडणारी छोटी बाटली फक्त जंतूंचा अंदाज देते. प्रयोगशाळेला नावानिशी सांगा: आर्सेनिक, क्रोमियम, तांबं. त्यासाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली, फिनॉलसाठी काचेची. आर्सेनिक लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर आलं, तर ते पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास बंद.

आणि विहिरीवरचा स्लीपर काढून तिथं लोखंडी गर्डर टाका. काढलेला स्लीपरही जाळू नका.