दोन्ही मुक्त, तरी एकत्र नांदेनात

‘ओपन सोर्स म्हणजे फुकट, कुठलाही कोड उचला, कशातही मिसळा’ हा समज संगणकाची पदवी घेतलेल्यांमध्येही घट्ट रुजलेला दिसतो. तो किती चुकीचा आहे, हे लस्टर आणि झेडएफएस या दोन फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइली कशा ठेवायच्या-शोधायच्या हे सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) जोडीकडे पाहिलं की कळतं.

महासंगणकात शेकडो-हजारो नोड, म्हणजे त्यातले सुटे संगणक, एकाच वेळी एकाच फाइलवर तुटून पडतात. तिथे एक सर्व्हर पुरत नाही. लस्टर फाइलचे तुकडे करून ते अनेक सर्व्हरवर पसरवते आणि कुठला तुकडा कुठे आहे याची नोंद वेगळ्या मेटाडेटा सर्व्हरवर ठेवते. नोड त्याला पत्ता विचारतो आणि मग सगळ्या सर्व्हरकडून थेट वाचतो. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म महासंगणकावरही लस्टरच आहे. पण प्रत्येक सर्व्हरच्या डिस्क सांभाळायला खाली आणखी एक फाइल सिस्टिम लागते. तिथे झेडएफएस फार गुणी: डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे त्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, ती जपते, त्यामुळे डिस्कने गुपचूप बिघडवलेला डेटा वाचतानाच पकडला जातो. 2012 साली जगात पहिला आलेल्या सिक्वोया महासंगणकासाठी अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने झेडएफएस लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणली आणि लस्टरखाली बसवली.

अडचण परवान्याची. लिनक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, आणि लस्टर हे दोन्ही जीपीएल या मुक्त परवान्याच्या आवृत्ती 2 खाली आहेत. झेडएफएस सन कंपनीने 2005 मध्ये सीडीडीएल या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली खुली केली. जीपीएल म्हणतो: एकत्र केलेली संपूर्ण वस्तू माझ्याच अटींवर वाटा, वर एकही नवी अट लादू नका. सीडीडीएल म्हणतो: माझ्या फाइलींचा सोर्स माझ्याच परवान्याखाली राहील. दोन्ही परवाने मुक्त. पण दोन्ही एकाच वेळी पाळायचे कसे? आणि ‘ओपन म्हणजे कसलीच अट नाही’ असं सांगून माल विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की जीपीएलची सारी ताकद कॉपीराइटमधूनच येते.

मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की हा कायदेशीर वाद कर्नल स्वतःच अंमलात आणतो. कर्नलला वरून जोडता येणाऱ्या प्रत्येक मॉड्यूलमध्ये (सुट्या भागामध्ये) परवान्याचं नाव लिहिलेली एक ओळ असते. मॉड्यूल लोड होताना कर्नल ती वाचतो. कर्नलमधली काही फंक्शन ‘एक्स्पोर्ट सिम्बॉल जीपीएल’ अशी खूण केलेली असतात. ओळीत ‘सीडीडीएल’ दिसलं, की ही फंक्शन त्या मॉड्यूलला सापडतच नाहीत. शिवाय कर्नलवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, असा शिक्का बसतो. 2019 मध्ये कर्नल 5.0 आला आणि व्हेक्टर रजिस्टर (प्रोसेसरमधल्या, एकदम अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या जागा) वापरण्याआधी बोलवायचं, सगळ्यांना खुलं असलेलं फंक्शन काढून टाकलं गेलं. उरलं ते फक्त जीपीएलवाल्यांचं. झेडएफएसचे चेकसम आणि एन्क्रिप्शन या रजिस्टरांच्या जोरावरच वेगाने चालत. वेग गेला. मग झेडएफएसच्या लोकांनी रजिस्टरांची स्थिती जपून ठेवणारा कोड स्वतःच लिहिला.

जीपीएलच्या अटी लागू होतात त्या वाटप करताना. स्वतःच्या यंत्रावर जोडणी करून वापरायला आडकाठी नाही. म्हणून अनेक ठिकाणी झेडएफएसचा फक्त सोर्स मिळतो आणि कर्नल बदलला की मॉड्यूल त्याच यंत्रावर नव्याने कंपाइल होतं. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय अवताराने 2016 मध्ये तयार मॉड्यूलच दिलं, तेव्हा सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी झटणाऱ्या संस्थेने हा जीपीएलचा भंग आहे असं जाहीरपणे सांगितलं. उबुंटूची कंपनी कॅनॉनिकलने ते मानलं नाही. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्‌सने 2020 मध्ये स्पष्ट केलं, की सनचा वारसा घेतलेल्या ओरॅकलचं सही केलेलं अधिकृत पत्र मिळाल्याशिवाय झेडएफएस कर्नलमध्ये घेणार नाही.