तुमच्या साइटवर आम्ही प्लगइन कमी का टाकतो

पहिल्या मीटिंगलाच बरेच जण विचारतात, अमक्याच्या साइटवर तारखेसाठी कसं मस्त कॅलेंडर उघडतं, तसं आम्हालाही द्या ना. देतो की, पण त्यासाठी वेगळं प्लगइन (साइटला वरून जोडायचा तयार कोड) लागत नाही, कॅलेंडर तुमच्या गिऱ्हाइकाच्या फोनमध्येच आहे. एचटीएमएलमध्ये (वेब पान ज्या भाषेत लिहितात ती) त्या रकान्याचा टाइप 'डेट' लिहिला की अँड्रॉइडवर अँड्रॉइडचं, आयफोनवर आयफोनचं कॅलेंडर उघडतं, डाउनलोड शून्य, आणि वयस्कर माणसालाही रोजचंच काहीतरी समोर आल्यासारखं वाटतं. मोबाईल नंबरला 'टेल' दिलं की आकड्यांचा कीबोर्ड येतो. 'नेहमीचे प्रश्न' उघडझाप करायला 'डिटेल्स' टॅग (एचटीएमएलमधली खूण) पुरतो, आणि पॉपअपसाठी 'डायलॉग' टॅग 2022 पासून क्रोम, सफारी, फायरफॉक्स सगळीकडे चालतो.

आता समजा तुमचा कोकणात होमस्टे आहे आणि कोणीतरी घाटातून येता येता गाडीत बसून रूम बघतंय, रेंज येते-जाते. आम्ही दर, पत्ता, फोन नंबर आणि बुकिंगचा फॉर्म साध्या एचटीएमएलमध्ये ठेवतो, म्हणजे पान आलं की बुकिंग करता येतं, बटण दाबलं की माहिती थेट सर्व्हरला, जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड, पानाला हालचाल देतो तो) पोचलेली असो नाहीतर नसो. पोचली तर पान रिलोड न होता रूम रिकामी आहे का ते दिसतं, फोटो सरकवता येतात, हे सगळं वरचं. याला प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट म्हणतात, नाव 2003 पासूनचं आहे.

ब्राउझरला एखादा टॅग किंवा सीएसएसची (रंग-मांडणी ठरवणाऱ्या भाषेची) ओळ कळली नाही तर तो ती सोडून पुढे जातो. जावास्क्रिप्टचं तसं नाही, मध्येच एरर आली की ती स्क्रिप्ट तिथेच थांबते आणि मग बटण नुसतं शोभेला. 'पण आजकाल जावास्क्रिप्ट बंद कोण ठेवतं?' असं लोक म्हणतात. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइट टीमनं 2013 मध्ये मोजलं तेव्हा 1.1 टक्के लोकांपर्यंत ती पोचत नव्हती, आणि त्यातल्या बहुतेकांनी ती बंद केलेलीच नव्हती, फाइल अर्ध्यात अडकणं वगैरे कारणं असू शकतात.

अडचणी आहेतच. फोनचं कॅलेंडर तुमच्या लोगोच्या रंगात येणार नाही (तो हट्ट सोडा, खरंच). मागच्या तारखा अडवता येतात पण 'दर मंगळवारी बंद' हे त्या रकान्याला सांगता येत नाही, तिथे आम्ही थोडी जावास्क्रिप्ट लिहितो आणि सर्व्हरवर परत तपासतो, कारण जे ब्राउझरमध्ये तपासलं जातं ते चुकवता येतं. शिवाय कोणाला लाइव्ह नकाशा किंवा चॅट हवं असेल तर ते जावास्क्रिप्टशिवाय होत नाही, त्याचा खर्च वेगळा सांगू.

साइट ताब्यात घेताना क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा आणि स्वतः एक बुकिंग टाकून बघा. तुमच्या मेलवर ते आलं नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका.