बिटकॉइनचा व्यवहार खरंच गुप्त असतो का?

"बिटकॉइनने पैसे पाठवले की कुणालाच पत्ता लागत नाही," असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. नवख्याला तो पटतो, कारण व्यवहारात नाव दिसत नाही हे खरंच आहे.

पण नाव नसणं वेगळं आणि नोंद नसणं वेगळं. बिटकॉइनची हिशेबवही जगभरातल्या हजारो संगणकांवर उघडी असते. कोणत्या पत्त्यावरून (खाते क्रमांकासारखी अक्षरं-अंकांची ओळ) कुठे, किती आणि कधी गेले, ते तिथे कायमचं राहतं. भारतात एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइन विकत घेण्या-विकण्याच्या सेवेवर, खातं उघडताना पॅन द्यावं लागतं. तिथून कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये (बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपमध्ये) घेतले की त्या वॉलेटचा पत्ता तुमच्या नावाशी जोडता येतो, आणि मग त्यावरचे बाकीचे व्यवहारही उलगडू लागतात. बँकेतली शिल्लक निदान शेजाऱ्याला दिसत नाही; इथे पत्ता ठाऊक असलेला कुणीही ती पाहू शकतो.

स्वतः पडताळा. बिटकॉइनचा एखादा ब्लॉक एक्स्प्लोरर (ही हिशेबवही दाखवणारी वेबसाइट) उघडा आणि शोधपट्टीत 0 टाका. पहिला ब्लॉक, म्हणजे हिशेबवहीचं पहिलं पान, दिसेल: 3 जानेवारी 2009, तो ब्लॉक तयार करण्याचं बक्षीस 50 बिटकॉइन. त्यातल्या पत्त्यावर क्लिक केलंत, तर लोकांनी नंतर तिथे पाठवलेल्या बारीकसारीक रकमाही तारखेसकट दिसतील. लॉगिन लागत नाही.